सतराव्या मजल्याचे कागद

"आपा, घर मिळालं. सतरावा मजला. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो."

मागच्या वर्षी मे महिन्यात धाकट्या भावाचा मुंब्र्याहून फोन आला. शाळेला सुट्या लागल्या होत्या. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल काय सांगू, दुपारी बारा ते पाच बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. मी कूलरसमोर बसून पुढच्या वर्षाचं नियोजन लिहीत होते. अम्मी शेजारी तस्बीह घेऊन बसली होती. भावाचा आवाज इतका आनंदी होता, की मी फोन स्पीकरवर लावला. अम्मीने हात वर करून "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं.

मग भावाने पुढचं सांगितलं. इमारत अजून बांधून व्हायची आहे. बावीस मजले होणार आहेत. आत्ता वीस लाख द्यायचे, उरलेले हप्त्याने. वीस लाख त्याच्याकडे नाहीत. म्हणून चंद्रपूरचं घर विकायचं.

"तुम्ही दोघी या, फ्लॅट बघा आणि सह्या करा," तो म्हणाला.

हे घर मरहूम अब्बांनी बांधलेलं. जुन्या शहरात, परकोटाच्या आत, दोन खोल्या खाली आणि एक वर. अब्बा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. निवृत्तीच्या वेळी फंडाची रक्कम हातात आली, तेव्हा वरच्या खोलीवर स्लॅब पडला. स्लॅबच्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला त्यांनी जेवू घातलं होतं. २०१९ मध्ये अब्बा गेले. घर त्यांच्याच नावावर राहिलं. वारस आम्ही तिघं: अम्मी, भाऊ आणि मी.

वारशाचं गणित मी शाळेत शिकवत नसले तरी घरच्यासाठी मांडून ठेवलं होतं. घराची किंमत चोवीस लाख धरली, की हिशोब सुटसुटीत होतो. अम्मीचा आठवा हिस्सा, तीन लाख. उरलेल्या एकवीस लाखांपैकी भावाचे चौदा, माझे सात. भावाला वीस हवे होते. म्हणजे माझा बहुतेक हिस्सा त्याला उसना द्यायचा. त्याला माझी ना नव्हती. सरकारी पगार आहे, राहायला सासरचं घर आहे. पोरगा चौदा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलतोय, त्याचं घर होत असेल तर बहिणीने हिस्सा मोजत बसायचा का, असं मी मनाशी ठरवूनच निघाले.

चंद्रपूरहून वर्धा आणि तिथून रात्रीच्या गाडीने कल्याण. ताडाळी, भांदक, माजरी ओलांडेपर्यंत बाजूच्या रुळांवर कोळशाने भरलेल्या वाघिणी उभ्या दिसतात. लहानपणी आम्ही बहीण-भाऊ त्या मोजायचो. कधी मध्येच सिमेंटची मालगाडी यायची. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, आमच्या जिल्ह्यातली ही सिमेंटची गावं. राजुरा-कोरपन्याच्या जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून तिथे कारखाने आले. गडचिरोलीची गोष्ट वेगळी नाही. माझी पहिली नेमणूक आलापल्लीच्या बाजूला होती. तेव्हा त्या रस्त्याने सागवानाचे ट्रक जायचे. आता एटापल्लीकडून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रांगेने येतात आणि रस्त्याकडेची झाडं लाल धुळीने माखलेली असतात.

अब्बा रात्रपाळीहून आले, की घरातल्या बल्बकडे बोट दाखवून म्हणायचे, "ये बत्ती बंबई तक जाती है." आम्हाला ती त्यांची बढाई वाटायची. पुढे कळलं, की ते खरं होतं. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची ५०० किलोव्होल्टची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. एकावेळी १५०० मेगावॉट वीज नेण्याची तिची क्षमता आहे. आमचं केंद्र महानिर्मितीचं सर्वांत मोठं, २९२० मेगावॉटचं. कोळसा इथला, पाणी इरई धरणाचं. धूर आणि राख इथे राहते, वीज लांब जाते. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. त्याच केंद्राच्या पगारावर मी बीएड केलं. पण मुंबईच्या उंच इमारतींचे फोटो पाहताना मला वाटत राहतं, की त्यांच्या भिंतींत, दिव्यांत आणि लिफ्टमध्ये आमच्या मातीचं काहीतरी आहे.

लिफ्टमध्ये तर आमच्या घरचा माणूसच आहे. भावाने चंद्रपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. मुंबईत तो लिफ्टची देखभाल करतो. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. त्या दिवशी तो दुपारपर्यंत जिने चढून अडकलेल्या लोकांना लिफ्टमधून बाहेर काढत होता. रात्री फोनवर म्हणाला, "आपा, अब्बांची बत्ती गेली की साठ मजल्यांचा शेठ आणि मी, दोघंही जिन्यावर."

मुंब्र्यात तो राहत होता त्या सात मजली इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. चौथा मजला, एक खोली, दोन मुलं. पाणी दिवसातून एकदा. अम्मीचे गुडघे दुखतात, ती वर चढली ती दोन दिवस खाली उतरली नाही. भावजय दिवसभर हसतमुख होती, पण एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "आपा, अकरा महिने झाले की माझ्या पोटात गोळा येतो. घरमालक काय म्हणेल?" मुंबईत दुसरीकडेही त्यांनी खोली शोधली होती. नाव सांगितलं की खोली 'कालच दुसऱ्याला दिली' असं दोनदा झालं. मुंब्रा एवढं का वाढलं, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं इथे आली. माणसं भराभर आली आणि इमारतीही भराभर उठल्या. ज्याला दुसरीकडे दार उघडत नाही, तो उघड्या दाराचे कागद बघत नाही. हे मला तिथे गेल्यावरच समजलं.

तिसऱ्या दिवशी भावाने आम्हाला लोअर परळ दाखवलं. तिथे २८० मीटर उंच, शहात्तर मजल्यांची वर्ल्ड वन नावाची इमारत आहे. अम्मीने मान वर केली, पदर सावरला आणि पुन्हा खाली बघितलं. "इथं आधी काय होतं?" तिने विचारलं. भाऊ म्हणाला, "गिरणी." तो सारा भागच गिरण्यांचा. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि बहुतेकांची ती नोकरी परत आली नाही. अम्मी म्हणाली, "म्हणजे खाली कुणाची तरी रोजी होती."

येताना लोकलमध्ये ती हदीसबद्दल बोलली. उंच इमारती बांधण्यात लोकांची चढाओढ लागेल, ही कयामतच्या निशाण्यांपैकी एक आहे, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही ऐकून माहीत असतं. भावाला ते लागलं. "अम्मी, मी सतरावा मजला घेतोय तो चढाओढीसाठी नाही. मुंबईत जमीन नाही, माणूस वरच जाणार. मक्केत हरमच्या समोरसुद्धा ६०१ मीटरचा घड्याळाचा मनोरा आहे, तिथे हाजी उतरतात." अम्मी गप्प राहिली. मला भावाचं म्हणणं पटलं. दोष मजल्यांत नसावा, चढाओढीत असावा. डोक्यावर छप्पर मागणारा माणूस चढाओढ करत नसतो. पण त्याच्या गरजेवर कुणी चढाओढ करत असेल, तर?

दुसऱ्या दिवशी फ्लॅट बघायला गेलो. म्हणजे बघायला फ्लॅट नव्हताच. पाच मजल्यांचे खांब उभे होते, त्यांतून सळया वर आलेल्या. ऑफिस मात्र थंडगार. टेबलावर इमारतीचा छोटा नमुना, भिंतीवर सुंदर अक्षरात बिस्मिल्लाह. बोलणारे गृहस्थ अतिशय अदबीने वागत होते. अम्मीसाठी खुर्ची ओढली, खजूर पुढे केले. ते म्हणाले, "बहनजी, आमच्याकडे बँकेची भानगड नाही. व्याज नाही. आपसातले हप्ते. आपली माणसं, आपला सौदा." भावाने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. व्याजात पडायचं नाही, हे अब्बांचं सांगणं त्याने पाळलं होतं.

मी विचारलं, "रेरा नंबर काय आहे?"

"प्रोसेसमध्ये आहे."

"महापालिकेचं बांधकामाचं परवानगीपत्र, सीसी?"

"ते सगळं होतं हो. इथे सगळ्यांचं असंच चालतं."

"करारनामा नोंदणी कार्यालयात होईल?"

"सध्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. पुढे बघू."

मी अजून काही विचारणार, इतक्यात अम्मी बोलली. ती कधी शाळेत गेली नाही, पण रोज कुरआन वाचते आणि तर्जुमाही वाचते. ती हळू आवाजात म्हणाली, "भाईसाहब, पूरे कुरआन में सबसे लंबी आयत कौन सी है?" गृहस्थ हसले. अम्मीने स्वतःच सांगितलं, की ती सूरह बकरहमध्ये आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. "व्याज नाही, हे चांगलं. मग लिखा-पढी पक्की करायला काय हरकत आहे?"

ते म्हणाले, "अम्मीजी, भरोसा भी तो कोई चीज़ है."

परतताना रिक्षात कुणीच बोललं नाही. रात्री मुलं झोपल्यावर भाऊ बोलला, आणि तो जे बोलला ते मी आजही विसरलेले नाही. "आपा, तुझं घर आहे. तुझा पगार एक तारखेला येतो. तुला कागद विचारणं परवडतं. मी कागद असलेला फ्लॅट बघायला गेलो तर किंमत दुप्पट आहे. तुला तुझे सात लाख हवे असतील तर तसं सांग."

मी उत्तर दिलं नाही, कारण त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं. सात लाखांचं तेवढं खोटं होतं. पण गरिबाला स्वस्तात मिळतं ते बहुधा कागदाशिवायच मिळतं, हे खरं होतं.

सकाळी मी त्याला शिळफाट्याकडे चल म्हटलं. तिथे ४ एप्रिल २०१३ ला एक इमारत कोसळली होती. बांधकाम संपलं नव्हतं आणि भोगवटा प्रमाणपत्रही नव्हतं, तरी माणसं राहायला आली होती. बांधणारे मजूरही बायका-मुलांसह तिथेच राहत होते. चौऱ्याहत्तर माणसं गेली. भाऊ म्हणाला, "मला माहीत आहे. तेव्हा मी मुंबईतच होतो." आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून फातिहा पढलो. मग मी त्याला एवढंच विचारलं, "तू नव्या लिफ्टवर कामाला गेलास की आधी काय बघतोस?"

"पिट," तो म्हणाला. "खालचा खड्डा. पाणी साचलंय का, बफर ठीक आहे का. वरची मोटर नंतर."

मी पुढे बोलले नाही. तोही बोलला नाही.

दुपारी आम्ही दोघांनी मोबाइलवर महारेराच्या संकेतस्थळावर त्या इमारतीचं नाव शोधलं. बिल्डरचंही शोधलं. मिळालं नाही. तिथल्या एका वकिलांना फी देऊन तासभर बसलो. त्यांच्याकडून जे समजलं, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा कायदा लागू झाला. आठपेक्षा जास्त सदनिकांचा किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा नवा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही आणि सदनिका विकताही येत नाहीत. बावीस मजल्यांना त्यातून सुटका नाही. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्याकडे तर अर्ध्याहून जास्त मागत होते. घेतलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे आपला पैसा दुसऱ्या इमारतीत जात नाही. नोटरी केलेल्या कागदाने घर आपल्या मालकीचं होत नाही. त्यासाठी मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. जमीन कुणाची आहे हे सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर बघायचं आणि तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यायचा. इमारत तयार झाली तरी भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, मिळेपर्यंत राहायला जायचं नाही.

शेवटी वकील साहेब म्हणाले ते मी वहीत लिहून घेतलं. बँकेचं कर्ज न घेणं हा तुमच्या ईमानाचा भाग असेल, तर जरूर घेऊ नका. पण ज्या इमारतीवर कुठलीच बँक कर्ज द्यायला तयार नाही, तिथे बँकेने कागद बघून काय ओळखलं असेल, याचा विचार करा. 'बिनव्याजी' हा शब्द ऐकून आपण बाकीचे प्रश्न विचारायचं सोडतो. तो शब्द कागदांची जागा घेऊ शकत नाही.

मी सही केली नाही. अम्मीनेही केली नाही. तिने भावाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की कागद आण, माझा हिस्साही तुझा. तो स्टेशनवर सोडायला आला, पिशव्या गाडीत ठेवल्या, अम्मीला सलाम केला. माझ्याशी बोलला नाही. पुढचे चार महिने त्याचा फोन अम्मीला यायचा, मला नाही. अम्मी बोलत असताना मी शेजारी भाजी निवडत बसायचे. फोन ठेवताना ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आपा को सलाम बोलूँ?" पलीकडून काय उत्तर यायचं, मी कधी विचारलं नाही.

रबीउल अव्वलच्या महिन्यात एका संध्याकाळी त्याने माझ्या फोनवर फोटो पाठवला. तीच इमारत. नऊ मजले उभे होते. खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी त्याला उलट फोन केला आणि फोटोबद्दल काही न बोलता विचारलं, "मुलांच्या शाळा कशा चालल्यात?" तो बराच वेळ बोलला.

आता आम्ही एक व्यवस्था केली आहे. चंद्रपूरच्या घराचा खालचा भाग भाड्याने दिला. अम्मी माझ्याकडे असते आणि थंडीत त्याच्याकडे जाते. भाडं दर महिन्याला भावाच्या खात्यात जमा होतं. वर माझ्या पगारातून थोडी रक्कम जाते. हे सगळं एका कागदावर लिहिलं आहे, कुणाचा किती हिस्सा आणि कुणाचे किती उसने. खाली तिघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार आहेत. कागद लिहिताना भाऊ हसून म्हणाला, "अम्मीची लंबी आयत." तो आता ओसी मिळालेल्या जुन्या इमारतीत लहानसा फ्लॅट शोधतो आहे. दुसरा-तिसरा मजला असला तरी चालेल म्हणतो. अजून मिळालेला नाही. या वर्षीही अकरा महिने संपले आणि त्यांनी खोली बदलली. भावजयीने सामान बांधतानाचा फोटो पाठवला, तेव्हा माझ्या घशात घास अडकला. मी बरोबर वागले की नाही, याचं उत्तर मला रोज एकच मिळत नाही.

आणि ती इमारत? तिचे मजले पुरे होत आले आहेत. खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले. महिनाभरापूर्वी भावाने रात्रीचा फोटो पाठवला. बऱ्याच खिडक्यांत दिवे होते, एका बाल्कनीत लहान मुलांचे कपडे वाळत होते. खाली त्याने लिहिलं होतं, "आपा, लोग रह रहे हैं."

मी बराच वेळ तो फोटो बघत बसले. त्या घरांतल्या कुणाचंही वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही, येऊ नये. तिथेही कुणाच्या तरी बहिणीने हिस्सा दिला असेल, कुणाचं तरी गावचं घर विकलं गेलं असेल. मी फोटो अम्मीला दाखवला. तिने चष्मा लावला, खिडक्यांतले दिवे बोटाने मोजले, आणि मगरिबच्या नमाजनंतर त्या सगळ्या अनोळखी घरांसाठी नाव न घेता दुआ मागितली. मी "आमीन" म्हटलं आणि भावाला उत्तर लिहिलं, "अल्लाह सगळ्यांना सलामत ठेवो. तू कागद बघूनच घे."

त्याने अंगठा दाखवला.